आरशावरची ताई आणि खाली चादर धरणारे सहा जण

५ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईच्या पायांशी, धाकट्याचा गुडघा हल्ली जेवढा वाकतो तेवढा वाकून नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (त्यांनी आमच्याकडे येऊन खोकला सोडला तो अजून माझ्या बायकोकडे आहे, परत हवा असेल तर कळवावं.) बाकी घरी सगळं ठीक. फक्त माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही याबद्दल तुझ्या भावजयीचं आणि माझं एकमत होत नाही. पत्र लिहिण्यास कारण, तुझं अभिनंदन. अगदी मनापासून करतोय. (हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय, म्हणून कागद तिथे जरा विरलाय.)

आता हे अभिनंदन कशाबद्दल, ते सविस्तर सांगतो, कारण तुला पत्ताच नसणार. मोठ्या माणसांना आपण मोठे झाल्याचं नेहमी उशिरा कळतं. आमच्या वाचनालयाच्या दाराशी फळा आहे, तो तू पाहिलायस. गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी साडेआठला मी त्यावर 'आजच्या दिवशी' लिहितो. कुठला तह, कुठला शोध, कोण कुठे पोचलं, कोणतं जहाज बुडालं. तीन तीन पुस्तकांत ताडून पाहतो, मग खडूला हात लावतो. रविवारीसुद्धा येऊन लिहितो, कारण इतिहासाला सुट्टी नसते. लोक येता-जाता वाचत असत. निदान मला तसं वाटत असे. फळ्याच्या वर ते मोठं घड्याळ आहे, सात वर्षं चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेलं. त्यामुळे जो तो वर बघतो, चुकचुकतो, आणि मग मान खाली आणताना वाटेत फळा लागतोच. (घड्याळ चालू का करत नाही, असं विचारू नकोस. शिपाई म्हणतो शिडी चढणं त्याच्या कामात बसत नाही, आणि मला तिसऱ्या पायरीवर भोवळ येते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? वरच्या कप्प्यातली पुस्तकं कुणी मागितली, तर ती बाइंडिंगला गेली आहेत असं मी सांगतो. अकरा वर्षं ती बाइंडिंगलाच आहेत.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नोव्हेंबरात समोरच्या सलूनवाल्याच्या अंगात आलं. त्याचे वडील तुला आठवत असतील, कानावर कायम कंगवा खोचलेला असायचा. त्यांना रोज वही लिहायची सवय होती. दुकानासमोर काय घडलं आणि खुर्चीत बसलेलं माणूस काय बोललं, बस्स, एवढंच. ते गेले आणि मागे बावीस वह्या राहिल्या. पोराने त्या काढल्या, आणि दारालगतच्या मोठ्या आरशावर साबणाच्या वडीने रोज एक ओळ लिहायला सुरुवात केली. 'आजच्या दिवशी, आपल्या रस्त्यावर.' माझाच मथळा, फक्त शेपूट त्याचं! मी म्हटलं, चार दिवसांचं खूळ आहे, साबण संपला की हेही संपेल. साबण, ताई, संपत नाही.

चौदा डिसेंबरचं ऐक. त्या दिवशी माणूस पहिल्यांदा दक्षिण ध्रुवावर पोचला. मी निळ्या खडूने बर्फ काढला. (निळा का, तर पांढरा संपला होता.) समोर आरशावर काय, तर 'आज, सव्वीस वर्षांपूर्वी, शिंपीकाकांनी एकाच पँटला तीन पाय शिवले.' गर्दी ही! खुद्द शिंपीकाका येऊन आरशासमोर उभे राहिले आणि ज्याला त्याला तिसऱ्या पायाचं माप सांगू लागले. माझ्या फळ्यापाशी एकच गृहस्थ थांबले, त्यांना चपलेतला खडा काढायचा होता. सतरा डिसेंबरला दोन सायकलवाल्या भावांनी पहिलं विमान उडवलं, बारा सेकंद. आरशावर पोस्टमनच्या सासूबाई, वय बासष्ट, सायकल शिकल्या आणि थेट पिठाच्या गिरणीत शिरल्या. आता तूच सांग, कुठे विमान आणि कुठे पोस्टमनच्या सासूबाई? पण लोक सासूबाईंना शुभेच्छा द्यायला गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सलूनवाल्याला जाऊन विचारलं, की तुझ्या माहितीला आधार काय? तो म्हणाला, "बाबांनी पाहिलं." एवढंच. तीन पुस्तकं नाहीत, तळटीप नाही, बाबांनी पाहिलं!

आणि मग उजाडला सत्तावीस डिसेंबर. एक तरुण निसर्गअभ्यासक जहाजात बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला तो दिवस. मी पहाटे उठून शिडांचं जहाज काढलं होतं. (एका बाईंनी विचारलं, सहलीची नावनोंदणी आतमध्ये होते का.) समोरची गर्दी पाहून मी सहज, अगदी सहज, रस्ता ओलांडला. आरशावर लिहिलं होतं: 'आज, एकतीस वर्षांपूर्वी, ग्रंथपालांच्या ताईने टेलिफोनच्या खांबावर चढून अडकलेलं मांजर खाली उतरवलं. खाली चादर धरायला सहा जण होते.'

ताई, तू सव्वीस वर्षांपूर्वी हा रस्ता सोडलास. मी जन्मापासून इथे आहे. त्रेपन्न वर्षं याच रस्त्यावरून चालतोय, आणि रस्त्याच्या इतिहासात मी कुठे आहे? सहा जणांत! नावही नाही, नुसता आकडा, आणि तोही वाटून घ्यायचा. शिवाय तो आकडाही अन्यायाचा आहे. चादर आम्ही सहा जणांनी धरली हे खरं, पण मांजराने चादरीकडे ढुंकूनही न बघता माझ्या एकट्याच्या डोक्यावर उडी घेतली. माझ्या कानावरची खूण अजून आहे. आणि लोक म्हणतात काय, "काय धाडसी हो तुमची बहीण!" दिवसभर मी मान डोलावत होतो. संध्याकाळी तुझी भावजय म्हणाली, "वन्संचं चांगलंच नाव झालं हो," तेव्हा मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेलो. स्वच्छ सांगतो, मला तुझा हेवा वाटला. लहानपणी तुला खिडकीजवळची जागा मिळायची तेव्हा वाटायचा, अगदी तस्साच. या वयात तो इतका ताजा राहिला असेल अशी कल्पना नव्हती.

शेवटी काल न राहवून केस कापायला गेलो. (कापण्याजोगे केस फारसे नव्हते, हे सलूनवाल्याने बोलून दाखवायची गरज नव्हती.) गळ्याभोवती कपडा बांधून झाल्यावर, आरशात न बघता, मी विचारलं, की वह्यांत माझं काही आहे का रे? तो म्हणाला, "साहेब, आहे की! पुष्कळ आहे." माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू! त्याने ओल्या हातांनी वह्या काढल्या आणि वाचू लागला. 'ग्रंथपाल. कटिंग. काही बोलले नाहीत.' पुढचा महिना. 'ग्रंथपाल. कटिंग. काही बोलले नाहीत.' एका ठिकाणी होतं, 'ग्रंथपाल. कटिंग आणि दाढी. पेपर वाचला. काही बोलले नाहीत.' अशी वर्षंच्या वर्षं, ताई. मला कपड्यातून हात बाहेर काढून डोळेही पुसता येईनात. सलूनवाल्याला वाटलं केस गेले डोळ्यांत, त्याने ब्रश फिरवला.

तर विनंती एवढीच, की तू सलूनवाल्याला दोन ओळी लिही, 'मांजर धाकट्याच्या डोक्यावर पडलं' अशा. तू प्रत्यक्ष वरून पाहिलंयस. तुझ्या शब्दाला आता या रस्त्यावर वजन आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
चादरीचा डावा कोपरा धरणारा
धाकटा

ता. क. - पत्राची तसदी घेऊ नकोस. मांजराच्या जिवावर मोठं व्हायचं नाही असं मी ठरवलंय. बावीसच्या बावीस वह्यांत सतरा जानेवारीचं पान रिकामं आहे, हे मी सलूनवाल्याकडून काढून घेतलंय. (त्याच तारखेला दुसरी तुकडी दक्षिण ध्रुवावर पोचली आणि बघते तर तिथे आधीच दुसऱ्यांचा झेंडा. त्या लोकांबद्दल मला हल्ली फार आपुलकी वाटते.) त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी शिडीवर चढून वाचनालयाचं घड्याळ चालू करणार आहे. तेव्हा तू सोळालाच मुक्कामाला ये, आणि येताना जाड चादर आण. खाली धरायला सहा जण लागतात. शिपाई, सलूनवाला, शिंपीकाका, पोस्टमन आणि त्याच्या सासूबाई असे पाच झालेत. सहावी तू.

ता. क. दुसरा - हे पत्र टाकायला निघालो, तर सलूनवाल्याने हाक मारली. मी खुर्चीत टेकलो आणि काय झालं कोण जाणे, मांजर, कान, भोवळ, बाइंडिंगला न गेलेली पुस्तकं, तुझी खिडकी, सगळं सांगून बसलो. तीन गिऱ्हाइकं ताटकळली, पण एकही उठून गेलं नाही. निघताना त्याने बाबांच्या मागे स्वतः सुरू केलेली तेविसावी वही माझ्यापुढे धरली. आजच्या तारखेखाली लिहिलं होतं: 'ग्रंथपाल. कटिंग नाही. सव्वा तास बोलले.' म्हणजे पुढच्या वर्षी पाच जानेवारीला आरशावर मी आहे, आणि आता घड्याळाचं काही अडून बसलेलं नाही.

तरी चादर घेऊनच ये.