हिमेजीचा उभा जिना

रविवार, ६ नोव्हेंबर २००५, कोबे

ऑफिसमधलं सॉफ्टवेअरचं रिलीज संपलं, म्हणून आज बाबांना हिमेजीचा किल्ला दाखवायला नेलं. भिंतीतल्या बाण-बंदुका मारायच्या जंग्या, शत्रूवर दगड टाकायची भोकं, सगळं ते कौतुकाने माझ्या लेकीला, इराला समजावत होते. मग आतला जिना आला. शत्रूला चढता येऊ नये म्हणून शिडीसारखा उभा केलेला. इरा भराभर वर गेली. बाबा अर्ध्यातच कठडा धरून थांबले. मागे लोक खोळंबले. मी त्यांना धरून खाली आणलं, बसवलं. मला खांद्यावर घेऊन राजगड चढलेले बाबा! एवढे कधी थकले? मला कसं कळलं नाही?

वरून इरा जपानीत ओरडली.

"काय म्हणतेय रे?"

"तुम्हाला बोलावतेय."

खरं तर ती म्हणाली होती, "आजोबांना राहू दे, तू ये."

माझं ऐकून बाबा पुन्हा उठायला लागले.