तांबूला औषध पाजताना

प्रिय दादा,

तू असतास तर हे पत्र तुझ्या जहाजाच्या पत्त्यावर टाकलं असतं. आता कुठे टाकू? तरी लिहितेय, कारण घरात कोणाजवळ बोलायची सोय नाही. तुझी तांबू आजारी आहे.

तूच आणलीस ना ती जोडी! शिमग्याला घरी आलास तो वेताची पेटी काखेत मारून. आत पांढरा गोऱ्या आणि ही तांबूस तांबू. यांना गिनीपिग म्हणतात, शेपूट नाही बघ यांना, असं कौतुकाने सांगत सुटलास. आळीने मात्र पाहताक्षणी 'विलायती उंदीर' नाव ठेवलं. मग तू परत गेलास, मुंबईच्या इस्पितळात तापाने संपलास, आणि ही दोघं माझ्या गळ्यात पडली.

गळ्यात म्हटलं म्हणून रागावू नकोस. तुझं असं जिवंत दुसरं आहे काय माझ्याजवळ?

यंदा वैशाखात कातळावर हिरवी काडी उरली नाही. मी आपला कोंडा आणि सुका पेंढा घालत राहिले. गोऱ्या धडधाकट राहिला, पण तांबू मागचे पाय ओढायला लागली. हिरड्यांतून रक्त दिसलं, खाणं सुटलं. घरात उंदीर मरून पडला की काय होतं ते तुला ठाऊक आहे. गाठीच्या तापाच्या साली आमची सगळी आळी घरं सोडून माळावरच्या झोपड्यांत राहिली आणि मामंजी तिथेच गेले. तांबू मेली तर ती उंदीर नव्हती हे कोण ऐकून घेणार? सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगो, जीव आहे तोवर रानात सोडून ये. मेल्यावर लपवता यायचं नाही." खरं सांगते, मी पेटी उचललीही होती.

मग आठवलं, जहाजावर हिरड्या सुजल्या की लिंबू पाजतात असं तू सांगायचास. लिंबू पिळलं, गुळाचं पाणी घातलं. पण पाजायचं कसं? काय खातात, कुठे निजतात, सगळं शिकवलंस, एवढंच तेवढं राहिलं तुझं! बया दात घट्ट मिटून बसली. शेवटी मी आपल्या पद्धतीने गेले. पोरांना गुटी पाजायचं बोंडलं काढलं, पाय पसरून बसले, तिला पायांवर उताणी घेतली, नाक दाबलं आणि तोंड उघडताच सगळा रस ओतला. आपल्यात कोणतं पोर असं वाढलं नाही?

दादा, तिचा श्वासच अडकला. चारी पाय ताठ, नाकातून रस. मी तिला पालथी करून पाठ चोळत होते आणि देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. मारली मी दादाची तांबू, एवढंच डोक्यात.

शिंकली एकदाची. मान वर केली तर दारात सासूबाई. आता ऐकवणार म्हणून मी अंग चोरलं. तर त्या खाली बसल्या, तांबूला पदरात गुंडाळून पोटाशी धरली आणि म्हणाल्या, "उताणं कोण पितं गो? गुरांना पाजतो तसं गालाच्या बाजूने दे. थेंब थेंब. गिळू दे तिला."

मी थेंब सोडला. तिने गिळला. मग दुसरा. सासूबाईंनी शेवटपर्यंत तिला सोडली नाही.

आज तिने विहिरीकाठच्या दुर्वेची काडी ओढली. पाय मात्र अजून ओढतेच आहे. पेटी उघडण्याआधी दर वेळी कान लावून ऐकते.

एक विचारू? इस्पितळात तूही औषधाला तोंड फिरवायचास, असं तुझ्या सोबत्याने सांगितलं. फिरवणारच! लहानपणी काढा दिसला की तू माडावर चढून बसायचास. तिथे तुला कोणी समजावलं का रे? की नाक दाबूनच पाजलं?

तर दादा, शब्द देते. तांबूला मी रानात टाकणार नाही. ती गेलीच तर माझ्या मांडीवर जाईल, आणि आळीला काय सांगायचं ते मी दार उघडून सांगेन. भीती वाटेल, खूप वाटेल. पण तुझ्या वेळी मी नव्हते. तिच्या वेळी असेन.

तुझी भित्री,
यमू