दाराबाहेरचं पोतं

८ ऑगस्ट
आज फळा झाला. काडेपेटीच्या पुठ्ठ्यावर दिव्याची काजळी डिंकात कालवून फासली. दोन बोटं रुंद. आंब्याच्या रिकाम्या पेटीत आमचा चौथीचा वर्ग उभा राहतोय. औंदा गौरीपुढची आरास हीच. प्लॅस्टिकचा धबधबा नको, सूनबाईला बजावलं. चिरंजीव मच्छेच्या कारखान्यातून आला आणि तडकला, मोतीबिंदू काढून दोन महिने नाहीत आणि हे काय? म्हटलं, मग डोळे नीट करून घेतले कशासाठी? हात धुऊन जेवायला बसला.

११ ऑगस्ट
पाट्या एकोणीस. जुन्या अल्बमची काळी पानं, काड्यांची चौकट. एक चिमट्यातून उडाली ती उडालीच. सुतळी उसवून बस्करपट्ट्या विणल्या, तीन. विणता विणता कविता म्हणू लागलो, गुरुजींच्या चालीवर. दुसऱ्या कडव्याला अडलो. यल्लाप्पाला आलं असतं. वर्गमित्र, आता निपाणीला असतो, इंजिनिअर म्हणून निवृत्त. तेव्हा सगळ्यात खडा आवाज त्याचा. वाऱ्याबरोबर दारातून आत यायचा.

१४ ऑगस्ट
घंटा (पितळी बटण), माठ, खुंटीवर गुरुजींची टोपी. फळ्यावर सुईच्या टोकानं सुविचार. तीनदा पुसला. सूनबाईनं फोटो काढून यल्लाप्पाला पाठवला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून आलो तोच त्याचा फोन.
"आप्पा, ब्येस केलास. मी कुठं हाय त्यात?"
म्हटलं, दुसरी पट्टी, माझ्या शेजारी.
"कविता पाठ करून करून डोकं नरम झालंय तुझं. मी दाराभायेर हुतो रं. पोत्यावर. चार वर्षं."
मी वाद घातला. लिहायला लाज वाटते, पण घातला. गुरुजी देवमाणूस होते, असं कसं होईल वगैरे. तो हसला. "व्हय की, देवमाणूसच. पाऊस आला की म्हणायचं, पोतं जरा भितीकडंला घे."
पुढं काय बोललो आठवत नाही.

१८ ऑगस्ट
तीन दिवस पेटीला हात नाही. त्यांची वस्ती वेशीबाहेर होती, हे काय मला ठाऊक नव्हतं? वर्गालाही वेस होती, एवढं मात्र गाळून पाठ केलं. साठ वर्षं तसंच म्हणत आलो.
दुपारी पोतं विणलं. शेंगेएवढं. दुसऱ्या पट्टीवर, माझ्या जागेशेजारी ठेवलं. फोटो पाठवला.
उत्तर आलं: "आता आत घेऊन काय करतोस? हुतो तिथं ठेव."

२० ऑगस्ट
पण ठेवू कुठं? पेटी दाराशी संपते. बाहेरची जागा मी केलीच नव्हती.
फळी ठोकून वीतभर पडवी काढली. सूनबाई म्हणाली, "आप्पा, ह्या फळीनं ओटीच्या ताटाला जागा न्हाय उरत." ताट स्टुलावर ठेव म्हटलं. तिला पटलं नाही. फळी राहिली.

२९ ऑगस्ट
धाकटा भाऊ आला, तात्या. त्याच शाळेतला, दोन यत्ता मागं. पडवीकडं बघत चहा प्याला. सणासुदीला कशाला उकरतोस, बायकामाणसं येणार हळदीकुंकवाला, असं बरंच. तो गेल्यावर बघतो तर पोतं आत. बाहेर ठेवलं.

३१ ऑगस्ट
गौरी आल्या. घर भरलेलं. पोतं पुन्हा आत. ह्या खेपेला कोण, कळलं नाही. विचारलंही नाही. बाहेर काढलं आणि डिंकानं चिकटवून टाकलं. उचला आता.

१ सप्टेंबर
बायका पाट्या बघून हरखल्या. शेजारच्या आक्का वाकून म्हणाल्या, हे भायेर काय पडलंय, उचलू व्हय?
"पडलेलं न्हाय आक्का. तिथं आमचा यल्लाप्पा बसायचा. आम्ही बसवला हुता."
आक्का हळूच मागं सरल्या. दोघीतिघी कुंकू लावून लगेच निघाल्या. एक पोरसवदा सून मात्र तिथंच बसून राहिली, बघत.
तात्या ताटावरून उठला. "तुझीच शाळा, तुझाच गुरुजी, आन् तूच थुकतोस."
म्हटलं, शाळेवर जीव आहे म्हणून तर करतोय. एकही वस्तू चुकीच्या जागी चालत नाही मला.
न जेवता गेला. सूनबाईनं त्याचं ताट झाकून ठेवलं.
संध्याकाळी यल्लाप्पाला फोन. ये, बघून जा. "बघतो," म्हणाला. तो लहानपणीही असंच म्हणायचा. कधी यायचा, कधी नाही.

२ सप्टेंबर
गौरी गेल्या. चिरंजीव पेटी माळ्यावर टाकायला निघाला होता. हात लावू नको म्हटलं. किती दिवस? माहीत नाही. तात्याचा निरोप, पोतं काढलं तरच घरात पाय ठेवीन. बरं.
यल्लाप्पाचा फोन नाही. मी केलेला नाही.
एक मात्र सकाळपासून डोक्यात आहे. चार वर्षांत मी एकदा तरी जाऊन त्या पोत्यावर बसलो होतो का? पावसात, मधल्या सुट्टीत, कधीही? आठवत नाही. तो आला तर विचारीन. तो खरं सांगेल, ह्याचंच भ्या वाटतंय. विचारीन तरी.