दहावी

१ एलूल, संध्याकाळ
गलिलचे डोंगर

प्रिय गेर्शोनदादा,

कसा आहेस? वहिनी, मुलं मजेत ना? फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. अंजिरं पिकली आहेत. काळी शेळी अजून तशीच द्वाड, परवा माझी टोपी खाल्ली.

आज जनावरांचं नवं वर्ष. आबा बाकी सगळं विसरतात, हा दिवस विसरत नाहीत. शेळ्यांना जास्तीचा चारा घालायचा, वर्षभराच्या शिव्याशापांची माफी मागायची, एवढंच आपलं असतं. यंदा मी पाणी भरून येते तो आबा गोठ्याच्या अरुंद दाराशी, लाल रंगात काठी बुडवून उभे!

"आबा, हे काय आरंभलंय?"

"दशांश. दहावं जनावर देवाचं."

दोन हजार वर्षांपूर्वी आपलं मंदिर पडलं, तेव्हापासून हे कुणी करत नाही. का, ते तूच मला शिकवलंस. एकदा रंगलं की त्या जनावराचं ना दूध काढायचं, ना ते विकायचं. मी अक्षरशः हातापाया पडले.

"बाजूला हो गं बाई," म्हणाले. बाई!

कळप विकायचं ठरवलंय, हे तुला सांगायचं राहिलंच. आबांना एकटं टाकून रानात जाता येत नाही. मागच्या आठवड्यात ते ओढ्यात सापडले. कळप घ्यायला यायचा होता तो नहमान दुपारी फोनवर म्हणाला, "देवाच्या वस्तूचं लफडं मला नको, तिर्झा." झालं. तेलही गेलं, तूपही गेलं.

ठीक काही नाही, दादा. खरं ते आता लिहिते.

शेवटच्या शेळ्यांना ढकलत मीही वाकून त्या दारातून बाहेर आले. आबा मोजत होते. "आठ, नऊ..." आणि माझ्या पाठीवर काठी टेकवून म्हणाले, "दहा. ही देवाची." शेळीला थोपटतात तसं मला थोपटलं. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "बाई, आमचा गेर्शोन आला का हो?"

मला रडू फुटलं. "उद्या येतोय," म्हणाले मी. खोटं बोलले. तेव्हापासून ते दाराशीच बसलेत, जेवायलाही उठत नाहीत.

तुला घराबाहेर काढलं होतं, हे ते विसरलेत. त्यांना माफ करू नकोस हवं तर. नुसता ये. मला एकटीला हे आता होत नाही रे.

पाठीवरचा रंग अजून धुतलेला नाही.

तुझी,
दाराशी बांधलेली
तिर्झा