आचोळ्याच्या घराची कडी

आई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा एक गोष्ट बोलायची राहून गेली. राहून गेली म्हणणंही खरं नाही, मी ती टाळली.

लग्न होऊन मी आचोळ्याच्या घरात आले तेव्हा तुम्ही साठीला टेकला होतात. परळच्या एका खोलीत चार मुलं वाढवून, दोन दिरांची लग्नं लावून, मामंजींचं लांबलेलं आजारपण काढून तुम्ही नालासोपाऱ्याच्या या आचोळ्यात आला होतात. तेव्हा तिथे पाण्याचा टँकर यायचा, आणि आपलं पिंप भरलं की पुढचा हंडा तुम्ही तळमजल्यावरच्या बाळंतिणीला द्यायचात. जेवायला कोण असेल याचा नेम नसायचा. गावाहून नोकरी शोधायला आलेला भाचा, दवाखान्यासाठी आलेली कुणाची तरी मावशी. अर्नाळ्याची कोळीण टोपली दारात टेकवून म्हणायची, "आजी, आधी पानी दे, मंग भाव कर," आणि तुम्ही पाण्याबरोबर तिच्या हातावर गरम घावनही ठेवायचात. सासू मिळावी तर अशी, असं मला सगळे म्हणायचे. मी हसून मान डोलवायचे. पण तुमच्या त्या उघड्या दाराची मला भीती वाटायची. माहेरी आम्ही तिघंच, संध्याकाळी दार लावलं की सकाळीच उघडायचं. इथे बेल वाजली की मी हातातलं काम घेऊन आतल्या खोलीत जायचे.

मग एका सकाळी तुम्ही पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका बाईला हाताला धरून वर आणलंत. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. "चार दिवस राहील. तिच्या भावाला निरोप धाडलाय," म्हणालात. मी स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "आई, तिचा नवरा आला तर?" तुम्ही कुळथाची पिठी ढवळत होतात. मान वर न करता म्हणालात, "आला तर मी आहे ना."

तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तुळिंजच्या बाजारात गेलात. "आतून कडी लाव गं," असं जिन्यातून ओरडून सांगितलंत, आणि मी ती लावली. बाळ आठ महिन्यांचं, माझ्या कडेवर. बाई आत स्वयंपाकघरात पिंपाशेजारी तांदूळ निवडत बसलेली. बेल वाजते. मला वाटतं तुम्हीच काहीतरी विसरून परत आलात. मी न विचारता कडी काढते. दारात तो उभा आहे. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. "वहिनी, माझी मिसेस इथं आहे काय?" मी नाही म्हणते. तो नीट चपला काढतो आणि आत येतो. मी बाळाला दुसऱ्या कडेवर घेते. तो बाळाच्या डोक्यावर हात ठेवतो. "किती महिन्यांचा?" मी कसंबसं म्हणते, "आठ." "या वयात टाळू नाजूक असते, नाय?" हात तिथेच. बाळ त्याच्याकडे बघून हसतं. आणि मी बोट उचलून स्वयंपाकघराकडे दाखवते. शब्द एकही नाही, फक्त बोट.

पुढचं तुम्ही स्वतःच पाहिलंत. तो तिला केसांना धरून जिन्यावर ओढत होता आणि तुम्ही पिशवी घेऊन वर येत होतात. "सोड तिला." "म्हातारे, बाजूला हो." "नाही होणार." तुम्ही एका हातानं कठडा धरलात आणि दुसऱ्या हातानं तिचा पदर. त्यानं तुम्हाला ढकललं. पाच पायऱ्या खाली गेलात, पिशवीतली मांदेली जिनाभर सांडली. आवाजानं दारं उघडली, वरच्या मजल्यावरच्या पुरुषांनी त्याला धरलं, पोलीस आले. संध्याकाळी तिचा भाऊ तिला पालघरला घेऊन गेला. ती पुन्हा कधी त्या नवऱ्याकडे गेली नाही.

दवाखान्यात तुमच्या मनगटाला प्लास्टर घालत होते. तुमच्या मुलानं, म्हणजे यांनी, विचारलं, "पण त्याला दार उघडलं कुणी?" तुम्ही म्हणालात, "अरे, मीच. जाताना दार नीट ओढून घेतलं नाही." आणि बाळाला काही झालं नाही ना, एवढंच मला विचारलंत. घरी आल्यावर एकदाच म्हणालात, "उघडण्याआधी विचारावं गं, कोण आहे म्हणून." आवाज नेहमीचाच होता.

म्हणजे कडी मी काढली हे तुम्हाला ठाऊक होतं. पण बोटाचं? त्या बाईनं तुम्हाला सांगितलं होतं का? तुमचं मनगट वाकडंच बसलं. त्यानंतर वीसेक वर्षं तुमची भाकरी एका बाजूला जाड यायची. ती थापताना बघितलं की मला वाटायचं, आज बोलतील. तुम्ही बोलला नाहीत. उलट दोनच महिन्यांत कुणाची तरी पोर शिकायला म्हणून घरी ठेवून घेतलीत, आणि मी भीतीनं आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती बाई पालघरहून आली होती. तुमच्या पायाशी खूप वेळ बसली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "बाळ बरंय ना?" बाळ तेव्हा कॉलेजात जात होतं. ती नुसती चौकशी होती की आणखी काही, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता आम्ही एव्हरशाईन सिटीत राहतो. सेफ्टी डोअर आहे, बाहेर बघायचं भिंग आहे, तरी दुपारची बेल वाजली की मी दोनदा विचारल्याशिवाय उघडत नाही. तुमच्या श्राद्धाला तुमचा मुलगा दरवर्षी तीच हकीकत सांगतो. "आमची आई विसराळू, दार उघडं टाकून बाजारात गेली," म्हणतो. पंगत हसते. मी वाढत असते.

हे फिरायला गेलेत, एवढ्यात येतील. त्याआधी हा कागद साड्यांखाली जाईल. यांना सांगायचं म्हणून मी तीनदा समोर जाऊन बसले, आई. तिन्ही वेळा चहा घेता का, एवढंच विचारून उठले.