ढिंगले धीरजला, घर कुसुमला

मी, मोंघीबाई, कै. वल्लभदास संपट यांची पत्नी, राहणार मांडवी, कच्छ, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. दडपण नाही ते आजच्या लिखाणापुरते. बाकी आयुष्याचे पुढे येईलच.

१. माझ्या यजमानांना कच्छच्या जुन्या तांब्याच्या नाण्यांचा नाद होता. ढिंगले, दोकडे, त्रांबिये. समुद्र आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. खारी हवा लागली की तांब्यावर हिरवी भुकटी धरते आणि नाणे खात जाते. म्हणून मी लग्न होऊन आले त्याच पावसाळ्यात माडीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद झाल्या. मग घरात ओले कपडे वाळत घालणे बंद, लोणचे घालणे बंद. माझ्या भावाचे लग्न मस्कतला निघाले, तेव्हा यजमान म्हणाले, "तू गेलीस तर या दमट दिवसांत नाण्यांच्या डब्या कोण बघणार?" मी गेले नाही.

२. जाताना त्यांनी घर व नाणी माझ्या नावे केली, पण अटीवर. मी जिवंत असेपर्यंत नाणी घराबाहेर जाऊ नयेत, मी मुक्काम हलवू नये, आणि माझ्या हयगयीने एकही नाणे बिघडल्यास घर पुतण्या धीरजलालकडे जावे. माझ्यामागे कोणाला काय द्यायचे, ते मात्र माझ्या मर्जीवर. मी वकील वोरांना विचारले, "यातून सुटायचं कसं?" ते म्हणाले, "मोंघीबेन, तुम्ही डोळे मिटाल तेव्हाच."

३. धीरज दर आषाढी बीजेला, आमच्या वर्षारंभाला, पाया पडायला येतो आणि भिंग घेऊन बसतो. एका साली त्याला एका ढिंगल्यावर काळपट हिरवा डाग सापडला.

"काकी, संपलं. दिवाळीपर्यंत घर खाली करा."

माझी मुलगी कुसुम हिने भिंग ओढून घेतले. "धीरजभाई, हा डाग नाही, अंगठा आहे. बा हातमोजे घातल्याशिवाय नाण्याला शिवत नाही. तुझा अंगठा ठेव बघू शेजारी."

लहानपणी मांज्याने कापलेली त्याच्या अंगठ्यावरची आडवी रेघ तांब्यावर जशीच्या तशी उठली होती. आदल्या बीजेला घामेजल्या हाताने त्यानेच ते उचलले होते. चहा न पिताच तो गेला. पुढच्या बीजेला परत आला.

४. कुसुम नडियादला शिक्षिका होती. तिचे बापू गेल्यावर मला एकटीला पावसाळा झेपेना, म्हणून नोकरी सोडून आली. परवा डब्या पुसताना म्हणाली, "बा, तुझ्यामागे मी सांभाळीन सगळं. मला आता सवय झालीय."

सवय! तो शब्द माझ्या काळजात रुतला. दुसऱ्याच दिवशी मी वकिलांना बोलावणे धाडले.

५. सबब, सर्व नाणी धीरजलालला द्यावीत. अट घालत नाही. अट म्हणजे काय ते मला पुरते कळले आहे. फक्त सांगते. डब्यांतले ओल शोषणारे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करावेत. मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नाणे ठेवू नये. भुकटी धरलेले लगेच वेगळे काढावे. चमकवण्यासाठी चिंचेने घासू नये. आणि धीरज, हे तू स्वतः कर. बायकोच्या, भानुवहूच्या, गळ्यात घालू नकोस. तिला माहेर आहे.

६. घर कुसुमचे, बिनशर्त. विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कुलूप लावून निघून जावे. लोक म्हणतील, "बापाचं घर टाकलं." म्हणू देत.

७. माझ्या अस्थी निवल्या की थेट समुद्रात सोडाव्यात. मुहूर्तासाठी, कोणी यायचे आहे म्हणून, किंवा आठवण म्हणून चिमूटभरसुद्धा डबीत भरून घरात ठेवू नयेत.

यातले काहीही ज्यांना मिळत नाही अशा दोघांसमक्ष सही केली.

सही: मोंघीबाई वल्लभदास संपट

साक्षीदार: डॉ. हरिप्रसाद अंजारिया
साक्षीदार: जेनाबाई खत्री, शेजारीण

मांडवी, श्रावण वद्य पंचमी, सन १९९१