लुदीविनाचा अर्धा भरलेला खोका

कुवेत, मंगळवार

प्रिय रेमेदियोसताई,

मी धड आहे, दोन वेळा जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? लुदीविनाची पोरं तुला छळत नाहीत ना?

माझ्या लेकीची शवपेटी गुरुवारी तुमच्याकडे येणाऱ्या विमानात चढेल. ती घरकाम करायची तिथली मालकीण म्हणाली, "लुदीविना आमच्या घरचीच होती." शाळेत सिस्टरांनी शिकवलेला नम्रपणा सोडून मी विचारलं, "मग घरच्या माणसाच्या छातीत दुखलं तेव्हा डॉक्टर का नाही बोलावला, बाई?"

तिच्या खाटेखाली घरी पाठवायचा नाताळचा खोका अर्धा भरलेला होता, प्रत्येक वस्तूवर तिच्या पोरांची नावं. खोके पाठवणारा म्हणाला, "मावशी, आता कशाला?" मी म्हटलं, "भरायला तिनं घेतला, मी फक्त दोरी बांधते." उरलेल्या जागेत तिचे कपडे घातले.

खोका जहाजानं नाताळात पोहोचेल. पोरं आधी कपड्यांचा वास घेतील. घेऊ दे, धुवायला टाकू नकोस.

तुझी धाकटी,
पुरिफिकासियोन